मामाच्या अंगावरचा राखाडी कोट

प्रिय मामा,

‘प्रिय’ हे पत्रात लिहावं लागतं म्हणून लिहिलं आहे. फार मनावर घेऊ नको.

तुझी तेरवी होऊन तीन आठवडे झाले. तुझी फ्रेम तुझ्याच स्टुडिओत, तुझ्याच खुर्चीच्या वर टांगली आहे, आणि त्या खुर्चीत बसून मी हे लिहितो आहे. जिवंत होता तोवर तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही. “समजलं, समजलं, समोर बोल” म्हणायचा आणि पुढचं स्वतःच बोलायचा. आता तू काचेमागे आहे. आता ऐकावं लागेल.

आणि हो, आजपासून तुला ‘तू’. लहानपणापासून ‘मामाजी, तुम्ही’ करत आलो. पहिला सूड हाच समज.

तशी पत्रं लिहायची मला सवय नाही. दहावीच्या पेपरातसुद्धा पत्राचे मार्क सोडून दिले होते. पण काल बाबांनी एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मी दिलं, पण ते खरं तर तू द्यायला पाहिजे होतं, चार वर्षांपूर्वी. म्हणून बसलो लिहायला. प्रश्न कोणता ते सांगतो, पण सरळ चालत गेलो तर तो मी कसला?

आठवतं का, मला तू कसा शिकवायचा? कोराडीच्या वीज प्लांटच्या राखेची तुला भारी धास्ती. “लेन्सवर राख बसली की माणूस पापी दिसते” म्हणायचा आणि बनियनच्या टोकानं काच पुसायचा. गिऱ्हाइकांना मात्र सांगायचा, लेन्स फक्त स्पेशल कपड्यानं पुसावी. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, की तुझ्याजवळ सांगायचं एक असतं आणि करायचं एक.

फोकस तू खरा शिकवला. डोळ्यावर लाव, नाकावर नको. व्हाइट बॅलन्सही खरा. म्हणजे कॅमेऱ्याला सांगायचं, की इथं पांढरं कोणतं आहे ते पाहून घे, बाकीचे रंग त्याच्या हिशेबानं लाव. नाहीतर पिवळ्या बल्बखाली नवरी कावीळ झाल्यासारखी दिसते. हे सगळं खरं शिकवलं, कारण दहा खऱ्या गोष्टींत एक खोटी मिसळली की ती चवीला लागत नाही. बरोबर ना?

माझ्या वाट्याची खोटी गोष्ट होती ॲपर्चर. लेन्सच्या आत एक भोक असतं, लहानमोठं होणारं, मांजरीच्या डोळ्यासारखं. त्यातून उजेड आत जातो. भोक मोठं केलं तर जास्त उजेड, बारीक केलं तर कमी. इथपर्यंत तू सरळ होता. मग म्हणाला, “नंबर पाहत जा गा. दोन म्हणजे सुईचं भोक, सोळा म्हणजे खिडकी. अंधार असला की सोळा ठेवजो.”

मी ठेवत गेलो. उन्हात सोळावर फोटो चांगलेच येतात, म्हणून खोटं उघडं पडलं नाही. आतमध्ये, लाइटखाली, सगळं तूच लावून द्यायचा. शिवाय कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर तू काळी टेप चिकटवली होती. “रोलच्या जमान्यात आम्ही काय पाहत होतो? घडीघडी स्क्रीन पाहणारा नवशिका दिसते.” मला ते पटलं होतं. मोबाइलवर पाहून घ्यायचं होतं रे, असं आता सगळे म्हणतात. पण तू सांगून ठेवलं होतं, की मोबाइलवाल्यांचे कॅमेरे वेगळे, आपला वेगळा. आणि मामा खोटं सांगेल असं कोणता भाचा तपासून पाहतो?

मग आली स्नेहाची हळद. माझ्या एकुलत्या एक बहिणीची. आमच्या कॉलनीच्या क्वार्टरसमोर नारिंगी कापडाचा मांडव, खाली अंधारासारखी सावली, आणि तू सगळ्यांसमोर म्हणाला, “हळद गोलूच काढते. लग्न मी.” माझं पहिलं स्वतःचं काम. छाती किती फुगली होती माझी, तू पाहिलं होतं. पाहून हसला होता. मला वाटलं, कौतुकानं.

आणि त्या दिवशी बाबा नाचले.

लोकांना यात काही वाटणार नाही. पण तू त्यांचा साळा. तुला माहीत आहे, की त्या माणसानं प्लांटमध्ये तीस वर्षं काढली आणि घरात कधी शिटीसुद्धा वाजवली नाही. स्वतःच्या लग्नात घड्याळ पाहत उभा होता असं आई सांगते. त्या दिवशी स्नेहानं त्यांच्या दोन्ही गालांना हळद फासली, हात धरून ओढलं, आणि ते नाचले. डोक्यावर दुपट्टा फिरवत, डोळे मिटून. वाजंत्रीवाले दमले, पण बाबा थांबले नाहीत. मी भोवती फिरून फिरून काढत होतो. सोळावर.

मोड तू असा लावून दिला होता, की भोक मी सांगायचं आणि वेळ कॅमेरा ठरवणार. भोक सुईएवढं. मग बिचाऱ्या कॅमेऱ्यानं काय करावं? उजेड भरून काढायला शटर उघडंच ठेवलं, जवळजवळ एक एक सेकंद. शटर म्हणजे लेन्सच्या मागचं दार. दार उघडं आहे तोवर समोरचं जे हलेल ते सगळं फोटोत पुसलं जातं.

जेवणाच्या पंगतीत तू कॅमेरा मागून घेतला. सगळ्यांसमोर टेप सोलली. एकेक फोटो पुढे करत गेला आणि म्हणाला, “पाहा गा जवाईबापू, भाच्यानं तुमचं भूत काढलं.” पिवळा धूर होता तिथं, मामा. धुराला दोन पाय. अख्खी पंगत हसली. बाबांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, दुपट्ट्यानं गालाची हळद पुसली आणि वरण वाढायला उठले.

त्यानंतर ते नाचले नाहीत.

मी दुसऱ्या दिवशी लग्नाला थांबलो नाही. बहिणीच्या लग्नाला. छिंदवाड्याकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये बसलो आणि पुढे भटकत राहिलो. एका ढाब्यावर सहा महिने फक्त कांदा कापला. त्या ढाब्यावर एक बकरी होती, ती बिल खायची. पण तो विषय वेगळा. शेवटी पचमढीला टुरिस्टांचे फोटो काढायला लागलो, कडक उन्हात, सोळावर. एक दिवस जबलपूरच्या एका मास्तरीणबाईंनी झाडीखालचे काळे फोटो पाहिले, माझ्या हातातला कॅमेरा घेतला आणि म्हणाल्या, “भैया, ये नंबर नहीं है, बटा है. बताओ, आधी रोटी बड़ी कि सोलहवाँ टुकड़ा?”

बटा म्हणजे अपूर्णांक. सातवीत अपूर्णांक शिकवत होते तेव्हा मी तलावावर पोहत होतो, आणि हे तुला माहीत होतं. तूच तर मला तिथून कान धरून आणायचा. दोन म्हणजे अर्ध्या पोळीएवढं भोक. सोळा म्हणजे सोळावा तुकडा. जितका आकडा मोठा, तितकं भोक बारीक. एवढंच होतं. एका पोळीत समजण्यासारखं.

मागच्या उन्हाळ्यात मी एकदाच आलो, आठवतं ना? तुझ्या दारात उभा राहिलो. तू बनियनवर बसून काच पुसत होता. मी माझा कॅमेरा उचलला, तू वर पाहून हसला, मी काढला. सवयीनं तू विचारलं, “कितीवर ठेवलं?”

“एक पॉइंट आठ,” मी म्हणालो.

तुझा हात थांबला. म्हणजे तुला कळलं, की मला कळलं. मी वाट पाहिली. साधं ‘शिकला गा’ एवढं म्हणाला असता तरी मी चहा प्यायला बसलो असतो. तू मान खाली घातली आणि पुन्हा काच पुसायला लागला. ती काच स्वच्छ होती, मामा.

मी तसाच परत बसस्टँडवर गेलो. तुझं आणि माझं बोलणं तिथं संपलं. पुढचा निरोप थेट मामीचा आला.

आता तुझ्या तेरवीचं ऐक. जेवणं आटोपली आणि मागच्या ओट्यावर आम्ही तीन जण बसलो, तुझे तीन शागीर्द. मी, सावनेरचा मंगेश, जो आता मोबाइलची कव्हरं विकतो, आणि कॉलनीतली शीतल, जिनं कॅमेरा सोडून ब्युटी पार्लरचा कोर्स केला. आम्ही तुझ्याकडे वेगवेगळ्या वर्षी शिकलो, त्यामुळे एकमेकांशी असं कधी बोललो नव्हतो.

“काहून सोडला वं कॅमेरा?” मी शीतलला विचारलं.

“जमे नाही मले. तू कायले पळाला होता?”

“मामानं ॲपर्चर उलटं शिकवलं होतं.”

मंगेश हसला. “काही सांगते हा पोट्टा. मले तं बराबर शिकवलं. आकडा लहान, भोक मोठं. हात मात्र पक्का पाहिजे, कारण शटर नेहमी तीसवर.”

शीतल पान लावत होती, थांबली. “तीस? नाचगाण्यातही?”

“कबड्डीतही. मामाजी म्हणे, तुहा हात लोखंडाचा आहे, तुले तीस भल्ली झाली. पाचशे विमानासाठी असते.”

“बे, हात नाही हलला तरी कबड्डीवाला हलते ना. सेकंदाचा तिसावा भाग त्याले लय होते. मले मामाजींनी स्वतः सांगितलं, हलणाऱ्याले दोनशे पन्नास, पाचशे. मी तं फक्त आयएसओत मार खाल्ला. एवढा सहा हजार चारशेवर ठेवून...”

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“काय झालं? मामाजी म्हणे, आयएसओ मार्कांसारखा असते. जास्त तितका चांगला.”

“शीतल,” मंगेश हळूच म्हणाला, “आयएसओ लाऊडस्पीकरच्या आवाजासारखा असते वं. उजेड कमी असला की वाढवाचा. पण लय वाढवला की खरखर येते. फोटोत दाणे दिसते.”

शीतलनं हातातलं पान बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “माह्या भाचीचा पहिला फोटो. तिच्या तोंडावर रवा सांडल्यावानी दिसे. तिची आई मले म्हणे, तुले नाही जमत.”

मंगेशला कबड्डीच्या सामन्यातले सहा हातांचे खेळाडू आठवले असतील. तो चपलेनं माती उकरत होता.

किती बारकाईनं केलं तू! अपूर्णांक बुडवणाऱ्याला अपूर्णांकाचं खोटं. हाताचा तोरा असणाऱ्याला हाताचं. नेहमी पहिल्या नंबरानं पास होणाऱ्या पोरीला मार्कांचं. भोक किती, वेळ किती, आयएसओ किती, या तिघांचं जमलं की एक्स्पोजर जमतं, म्हणजे फोटोवर लागतो तेवढाच उजेड पडतो, काळं नाही की पांढरं फटक नाही. तिघांतलं एकेक तू एकेकाकडून काढून घेतलं. तुझ्याशिवाय कोणाचाच फोटो पुरा होऊ नये म्हणून. तुझं कौशल्य मानतो मी. आणि थुंकतो त्याच्यावर.

मामीनं त्याच संध्याकाळी म्हटलं, “फ्रेमसाठी त्यांचा साजरा फोटो बनवून दे गा गोलू.” आणि तुझा धड फोटो जगात एकच निघाला. माझा. एक पॉइंट आठवाला. अख्ख्या तालुक्याचे फोटो काढले, पण स्वतः कोणाच्या कॅमेऱ्यासमोर थांबला नाही ना तू? त्या फोटोत तुझे डोळे लख्ख आहेत, कान जरा मऊ, आणि मागचं कॅलेंडर, पासपोर्टचा पडदा, सगळं विरघळलेलं. त्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात, म्हणजे पुढून मागे किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसतं ते. भोक मोठं असलं की ती खोली थोडीशीच. तेवढ्यात फक्त तू होता. फार चांगला आला आहे तो फोटो, मामा. तू त्यात खराखुरा हसतो.

म्हणूनच मी तो तसा लावला नाही.

तुझ्या कॉम्प्युटरमध्ये कोट होता. सगळ्यांना माहीत असलेला राखाडी कोट आणि लाल टाय. कोराडीपासून सावनेरपर्यंत कोणीही मेलं, की मुंडकं कापून तू त्याच कोटावर बसवायचा. जन्मभर धोतर नेसलेला पाटील त्याच कोटात, बसचा ड्रायव्हर त्याच कोटात. कोणाचा गळा कॉलरमध्ये बुडायचा, कोणाचं डोकं फुग्यासारखं वर तरंगायचं. मेलेल्यांना सगळ्यांना एकच कोट, आणि जिवंतांना मात्र मापानं शिवलेलं खोटं. आणि तू आम्हा तिघांनाही वेगवेगळं बजावलं होतं, “मले जर कोणी मेल्यावर हा कोट घातला तं भूत बनून येईन.”

आम्ही घातला. मंगेशनं गळा कापला, शीतलनं कडा मऊ केल्या, मी टायची गाठ हनुवटीखाली बसवली. मागे निळं आभाळ दिलं, तू द्यायचा तसंच. एक कबूतरही टाकणार होतो, पण शीतल म्हणाली, बस झालं. आम्ही तिघं तुझ्या स्टुडिओत पोट धरून हसलो. तुझ्या तेरवीला. मला त्याची लाज वाटत नाही.

फ्रेम मामीच्या हातात दिली आणि ती रडायला लागली. मला वाटलं, आता दोन थापडा पडतात. मामी म्हणाली, “माह्या बापानं लग्नात यांच्यासाठी कोट शिवला होता. असाच राखाडी. यांनी घातला नाही. म्हणे, गळा दाबते. पेटीतच कसर लागून गेला.” मग पदरानं काच पुसली. “किती साजरे दिसते गा.”

झालं. माझा सूड मामीनं ओवाळून भिंतीवर टांगला. आता तो काढायचं कोणाच्या बापाच्यानं होत नाही. तू मात्र कोटात अडकला आहे, हे पाहून मला रोज सकाळी बरं वाटतं.

मी तिला विचारलं, मामानं आम्हाला असं का शिकवलं असेल. ती तांदूळ निवडत होती. “शिकाले आलेल्या पहिल्या पोट्ट्याले सगळं शिकवलं होतं त्यांनी. हातचं राखलं नाही काही. त्यानं यांच्या समोरच दुकान टाकलं. तवापासून तुहा मामा कोणाले पुरं सांगे नाही. मलेही नाही.”

कारण समजलं. माफी वेगळी असते. त्या पहिल्याचा राग तू आमच्यावर काढला, आणि बाबांच्या नाचावर काढला. बाबांनी तुझं काय घेतलं होतं?

म्हणून दुसरा सूड. तुझ्या फ्रेमच्या खाली, भिंतीवर, मी लाल रंगानं मोठ्या अक्षरांत तिन्ही गोष्टी लिहून टाकल्या आहेत. आकडा लहान तर भोक मोठं. माणूस हलत असेल तर दार पटकन बंद. आयएसओ लागेल तेवढाच. जे तू जन्मभर झाकून ठेवलं ते आता रस्त्यावरून दिसतं. बससाठी थांबलेले लोकही वाचतात. मामीनं किल्ली मला दिली आहे, आणि दर रविवारी सकाळी कोणीही यावं, फुकट शिकावं. तिघंही शिकवतो. शीतल आयएसओ शिकवते, आणि ते शिकवताना तुझ्याकडे अशी पाहते, की मलाच भीती वाटते.

काल दुसरा रविवार होता. सात जण आले. एक नर्स, दोन कॉलेजच्या मुली, एक भजनी मंडळवाले काका, असेच. मी पोळी फाडून अपूर्णांक सांगत होतो, तेवढ्यात बाबा आले. चप्पल बाहेर काढून मागे बाकावर बसले. पूर्ण तास ऐकला. सगळे उठल्यावर त्यांनी विचारलं,

“मंग त्या दिवशी किती ठेवाले पाहिजे होतं?”

हा तो प्रश्न, मामा.

कोणत्या दिवशी, हे मी विचारलं नाही. “दोन पॉइंट आठ,” मी सांगितलं. “शटर दोनशे पन्नास. आयएसओ सोळाशे.”

त्यांनी खिशातला पेन काढला, तळहातावर तीनही आकडे लिहिले, मला दाखवून बरोबर आहेत का पाहून घेतले. मग वर तुझ्या फ्रेमकडे पाहिलं. म्हणाले, “कोट कोणी घातला याले?” मी म्हणालो, मी. बाबा हसले नाहीत, पण चप्पल घालताना त्यांचे खांदे हलत होते.

पुढच्या महिन्यात स्नेहाच्या घरी, मनीषनगरला, तिच्या मुलीचं बारसं आहे. फोटो मी काढणार आहे, तुझ्याच कॅमेऱ्यानं. स्क्रीनवर तू पुन्हा चिकटवलेली टेप मी नखानं खरवडून काढली, डिंकसुद्धा ठेवला नाही. आणि तुला शब्द देतो. त्या दिवशी बाबा नाचले आणि तो फोटो लख्ख आला, तर मी मामीच्या हातापाया पडेन, तुझा कोट उतरवेन आणि तुला तुझ्या बनियनमध्ये, एक पॉइंट आठवर, भिंतीवर हसत बसवेन. नाही नाचले, तर राहा कोटात, गळा दाबत, जोवर ही भिंत उभी आहे तोवर. खालची लाल अक्षरं मात्र काही झालं तरी पुसणार नाही.

तू वरून काही करू शकत असशील, तर एवढं कर. वाजंत्रीवाल्यांना थांबू देऊ नको.

मामीचा भाचा
(तुझा आहे की नाही, ते बारशानंतर)
गोलू